जाड गार्ड

डॉ. भावना : आता हा प्लास्टिकचा गार्ड दातांवर बसव आणि आवळ, गुंजन. जोरात... हं, सोड. बघा काकू, तिच्या गालाच्या स्नायूंचा जोर या स्क्रीनवर दिसतो. गार्ड नव्हता तेव्हा रेघ कुठवर गेली होती, आणि आता?

कौशल्या : खाली हाय. मंग झोपीत दात खानं थांबन ना मॅडम? लहानपनी बी खाये ही. मी जंताचं औषध पाजत होती.

डॉ. भावना : जंत नाहीत हो काकू. गार्डनं जोर कमी पडतो, दात वाचतात. आवळणं थांबेलच असं नाही. गुंजन, गार्ड काढ, जबडा ढिला सोड.

कौशल्या : पन नवा गार्ड रविवारच्या आत द्या बरं. गांधीबागेतून जावई घ्याले येऊन राहिले. माहेरी लय दिवस झाले, लोक इचारतात.

डॉ. भावना : ढिला सोड म्हटलं ना, गुंजन.

गुंजन : ढिलाच आहे मॅडम.

डॉ. भावना : रेघ तर वर चढून राहिली... बरं, हा जुना गार्ड दिवाळीनंतरच दिला होता मी. इतक्यात आरपार भोक? नुसत्या झोपेत एवढा झिजत नाही. दिवसाही घालतेस का?

गुंजन : स्वयंपाक करताना.

कौशल्या : गॅसपुढं? काहून वं?

गुंजन : सासूबाई सुरू झाल्या की घालते. आईनं हेच शिकवलं का, बापानं हेच दिलं का. गार्ड तोंडात असला की बोबडं निघतं. मग उत्तर द्यावंसंच वाटत नाही.

कौशल्या : आन् जावई?

गुंजन : ते म्हणतात, आजकाल घरात किती शांतता आहे.

कौशल्या : मले नाही सांगाचं, बाई?

गुंजन : तूच तर म्हटलं होतं, पाठवणीच्या वेळी. 'दोन शब्द कमी बोलजो.' कमीच बोलून राहिली न मी, आई.

(कौशल्या पर्स उघडते, काही न काढता बंद करते.)

गुंजन : मॅडम, रविवारपर्यंत होईल ना? या वेळी जरा जाड द्या.

डॉ. भावना : जाड दिला तरी तू तोही चावशील गं... काकू, काय करू? माप आज लॅबला पाठवलं तर गार्ड शनिवारी येईल.

कौशल्या : घाई नाही मॅडम. आरामानं बनवा. पोरगी घरीच हाय.