मागच्या दारचे शिंपले

बाबा: त्याला म्हणावं, ट्रक फाटकाबाहेरच उभा कर. आत आणलास तर पाण्याचा पाइप फुटेल.

आई: अहो, तुमचा मुलगा चार हातांवर उभा आहे. बहिरा नाही झालेला.

मुलगा: आई, बाबांना सांग, ट्रक बाहेरच आहे. पोती हातानं नेऊ.

आई: झालं! इतकी वर्षं फोनवर याचं त्याला आणि त्याचं याला सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय.

बाबा: किती नेणार म्हणे?

मुलगा: शिंपल्यांचा सगळा ढीगच. संध्याकाळपर्यंत मागचं दार मोकळं करून देतो.

बाबा: बघ. शिंपले फोडून आतलं विकलं, त्यावर पोरगा शिकला. शिकून गेला तो इकडे फिरकला नाही. आता टरफलं न्यायला गाडी घेऊन आलाय!

आई: आल्या आल्या सुरू नका होऊ. तू सांग रे, तुमच्या प्रयोगशाळेत या कचऱ्याचं करता तरी काय?

मुलगा: धुतो, दळतो, भट्टीत भाजतो. मग त्यात रसायनं मिसळून बारीक भुकटी बनवतो. इतकी बारीक, की एकेक कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. नॅनो म्हणतात त्याला.

आई: अगं बाई! मग दिसतो कसा?

मुलगा: नुसत्या डोळ्यांना नाहीच दिसत.

बाबा: आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा उपयोग काय, तेही विचार.

मुलगा: मोडलेल्या हाडात भरायला, आई. हाडात असतं ते कॅल्शियम यातही असतं. त्यामुळे शरीर त्या भुकटीला परकं मानत नाही. तिच्या आधारानं नवं हाड तयार होतं.

आई: ऐकलंत का? तुमचं मनगट! पडल्यापासून यांना सुरी धरता येत नाही रे.

बाबा: माझं मनगट मधे आणू नकोस. आणि म्हाताऱ्या हाडाला चालते का ती?

मुलगा: अजून माणसाला दिलेली नाही. सध्या सशांवर चाचण्या चालल्यात.

बाबा: वा! म्हणजे माझा नंबर सशांनंतर.

आई: हसलात! मी पाहिलं, हसलात तुम्ही.

बाबा: खोकला होता तो.

आई: पुरे करा आता दोघांनी. जाताना 'मला या वासात आयुष्य काढायचं नाही' एवढंच तर म्हणाला होता. पोरवयात गेलं तोंडातून.

बाबा: तो वास माझ्या अंगाचा होता.

(मुलगा ढिगाशी उकिडवा बसतो.)

मुलगा: आई, भट्टी तापायला लागली की आधी असाच वास सुटतो. बाकीचे नाक दाबून बाहेर पळतात. मी तिथेच उभा राहतो, वास पार जाईपर्यंत. घरची फार आठवण येते गं तेव्हा. शिंपले काय, तिकडेही पोत्यांनी मिळतात. मीच साहेबांच्या मागे लागलो, आमच्याकडचेच आणू म्हणून.

आई: अरे, मग नुसतंच यायचं होतंस!

मुलगा: कोणत्या तोंडानं? बाबा फोनवरसुद्धा येत नाहीत. काहीतरी निमित्त हवं होतं मला.

आई: आणि ते सगळं निमित्त आज एका दमात भरून नेतोयस. मग पुढच्या वर्षी काय करशील? मी बसेन इथे, मोकळ्या जागेकडे बघत.

मुलगा: येईन गं मी.

आई: गेलास तेव्हाही असंच म्हणाला होतास.

बाबा: ए, तो ट्रक परत पाठव.

मुलगा: मला... मला म्हणालात, बाबा?

बाबा: मग काय ट्रकला म्हणालो?

मुलगा: रिकामाच पाठवू?

बाबा: रिकामाच. आज तू एक पोतं ने. आणि यापुढेही एका खेपेला एकच न्यायचं.