दाराआडचा नाच

बसच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजातल्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या. एकीचं तोंड पार उतरलेलं.

“अगं, नृत्यस्पर्धेला अख्ख्या कॉलेजातून तुझी एकटीची निवड झाली आणि तू रडतेस काय?”

“मला नाचता येत नाही गं!”

“मग पीटीच्या सरांनी निवडलं कसं?”

“पीटीच्या तासाला नाच शिकवताना ते म्हणाले, ज्याला जसं जमेल तसं त्याने शिकायचं. मी म्हटलं, मला चारचौघांत लाज वाटते. तर म्हणाले, खेळाच्या सामानाच्या खोलीत दार लावून नाच.”

“आणि निवडीची परीक्षा?”

“तीही तशीच. सर बाहेर उभे राहून नुसती पावलं ऐकत होते.”

“म्हणजे तू आत...”

“खुर्चीवर बसून पाय आपटले. हातात मोबाईल होता. सर बाहेरून ओरडले, वा, काय ताल आहे!”

“बाई गं! खरं सांगून टाक त्यांना.”

“तेच सांगायला गेले होते. तर सरांचे डोळे भरून आलेले. म्हणाले, इतक्या वर्षांत माझी पद्धत पहिल्यांदा फळाला आली. स्टेजवरही तुझ्याच पद्धतीने नाच, काय हवं ते माग.”

“मग काय मागितलंस?”

“खुर्ची.”