सहा गिऱ्हाइकं

...आणि वर मलाच म्हणतात, इसोबेसान, तुम्ही माणसं फसवता. मी? तुम्हाला सांगतो, वीस वर्षं किर्यू शहरात राहतोय, कुणाला कधी उलट बोललो नाही, कचरा ज्या वारी ज्या पिशवीत टाकायचा त्याच वारी त्याच पिशवीत टाकतो, आणि धंदा म्हणाल तर काय, बंद पडणाऱ्या दुकानात जायचं, धूळ खात पडलेला माल उचलायचा, फोटो काढायचा आणि फोनवरच्या अ‍ॅपवर विकायचा. ज्याला नको त्याच्याकडून घेतला, ज्याला हवा त्याला दिला. मी फक्त वस्तू इकडची तिकडे केली. यात फसवणूक कुठे आली?

आता माल चालेलच असं मी कधी म्हटलं नाही. का म्हणावं? मी काय बनवलाय? 'नवीन, न वापरलेलं' एवढंच लिहायचो, आणि ते न वापरलेलं होतंच की, दहा वर्षं डब्यात पडलेलं कोण वापरणार? चालतं का हे मीही बघायचो नाही, कारण बघितलं की ते वापरलेलं होतं... हसताय काय? आणि कुणी तक्रार केलीच तर एक उत्तर तयार ठेवलं होतं, तेच सगळ्यांना पाठवायचो. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. विचार करून खरेदी करणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. परतावा होणार नाही.' किती सभ्य भाषा आहे बघा.

तर फेब्रुवारीत सुरुवात झाली. आमच्या अ‍ॅपवर विकणाऱ्याचा पत्ता घेणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्याचा विकणाऱ्याला. कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात खोकं द्यायचं, गल्ल्यावरची बाई त्यावर चिठ्ठी डकवते, पुढचं कुरियरवाला जाणे. मंगळवारी मी एक इस्त्री पाठवली. गुरुवारी सकाळी दारावरची बेल वाजली, बाहेर तो आमच्याकडचा कोरडा वारा नुसता सुटलेला, कुरियरवाला टोपी धरून उभा, सही करा म्हणाला. खोकं हातात घेतलं तर ओळखीचं वाटलं. तांदळाच्या कंपनीचा कागद, हिरवी चिकटपट्टी... माझंच खोकं. आत माझीच इस्त्री. कुणीतरी ती विकत घेतली होती आणि पोचवायचा पत्ता माझा दिला होता. जो पत्ता कुणालाच कळत नाही, तो.

वाटलं, चूक झाली असेल. शनिवारी भिंतीवरचं घड्याळ आलं. बुधवारी भाताच्या कुकरचं भांडं. आणि त्याच दुपारी अ‍ॅपवर शेरा आला, 'वस्तू सुखरूप पोचली. तुम्ही घरीच होतात, बरं झालं.'

तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून मी पडदे लावून बसायला लागलो. जिन्यात पाऊल वाजलं की टीव्ही बंद करायचो. शेवटी पोलीस चौकीत गेलो. तिथला पोलीस चांगला, खुर्ची दिली, कागद काढला, काय चोरीला गेलं विचारलं. म्हटलं, चोरीला नाही गेलं, परत येतंय. त्यानं पेन खाली ठेवलं. पैसे मिळाले का? मिळाले. वस्तूही तुमच्याकडेच? माझ्याकडेच. मग इसोबेसान, म्हणाला, तक्रार नेमकी काय आहे?

काय सांगणार त्याला? भीती वाटते, असं लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

आणि मग तो रविवार. भर दुपारची वेळ, मी नूडल्स घेऊन बसलेलो, बेल वाजली. दाराच्या भोकातून बघतो तर सहा माणसं, एकामागे एक, रांगेत. पुढे एक बाई, हातात मिठाईचा डबा, वर व्यवस्थित कागद गुंडाळलेला. आता मिठाई घेऊन आलेल्या माणसाला दार कसं नाही उघडायचं? उघडलं. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला, बूट काढले, टाचा आत आणि टोकं दाराकडे अशी ओळीनं लावून ठेवली, आणि माझ्या खोक्यांच्या मधे मिळेल तिथे गुडघे मोडून बसले. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी ओरडलो तरी असतो.

"ओळखलंत का?" बाईनं विचारलं.

नाही ओळखलं.

"नेझु. दुकानातली. तुमची खोकी मी घेते. रोज दोनदा."

गणवेश नव्हता ना अंगात, मग कसा चेहरा ओळखू येणार... खरं सांगू? गणवेशातही मी तिच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. तिनं अ‍ॅपवरून एक हीटर घेतला होता, तो पहिल्याच दिवशी जळला, तिला ते ठरलेलं उत्तर गेलं, आणि हीटर ज्या कागदात आणि ज्या हिरव्या पट्टीत आला होता तसल्याच कागदा-पट्टीतलं दुसरं खोकं दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात दिलं. बाकीची पाच जणं तिनं तक्रारींखालच्या नावांवरून एकेक करून शोधली होती. आणि पत्ता? डिसेंबरात त्या दुकानात मी ख्रिसमसचा केक सांगितला होता. एका माणसापुरता. अर्जावर स्वतःच्या हातानं पत्ता लिहिला होता, सुवाच्य अक्षरात.

तिच्या शेजारी हामुरोसान म्हणून निवृत्त मास्तर बसले होते. त्यांनी पिशवीतून कागद काढले. माझी उत्तरं, छापून आणलेली, प्रत्येकाचा वेगळा कागद. म्हणाले, पैसे नकोत आम्हाला, तुम्ही हे ज्याला लिहिलंत त्याच्याकडे बघून वाचायचं, बस. मी म्हटलं, अहो, मी फक्त वस्तू इकडची तिकडे केली. त्यांनी मान हलवली, वर्गात मुलाचं चुकल्यावर हलवतात तशी, आणि पहिला कागद पुढे केला.

तेवढ्यात मागे आवाज झाला, कट् कट् कट्. माझ्याच टेबलावरचा खोकी कापायचा चाकू एका दांडग्या माणसानं उचलला होता आणि पातं आतबाहेर करत होता. एक खोकं कापलं, आत बघितलं, झाकलं. दुसरं कापलं. माझ्या जवळ जवळ येत होता आणि मी वाचत होतो, काय वाचतोय ते मलाच ऐकू येत नव्हतं. "वर बघा," मास्तर म्हणाले. वर बघितलं. पुन्हा वाचलं. एकाला, दुसऱ्याला... तिसरा कागद त्या चाकूवाल्याचाच निघाला. त्यानं पातं बाहेर ठेवूनच ऐकलं. 'परतावा होणार नाही' झाल्यावर पातं आत घेतलं, चाकू होता तिथे ठेवला आणि जाऊन बसला. मला घाम फुटलेला, आणि ही माणसं नाक ओढायचं झालं तरी रुमाल लावून ओढत होती.

नेझुबाईंचा कागद पाचवा झाला. शेवटी कुवाबाराआजी. ऐंशीच्या घरातल्या, नेझुबाईंच्या हातातली मिठाई त्यांनीच आणलेली. त्यांनी मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली, आत घडीचा जुना फोन. त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या आता बनत नाहीत, मला एका बंद दुकानात खोकंभर मिळाल्या होत्या, न वापरलेल्या. आजींनी बॅटरी घातली, चार्जिंगला लावली, ती फुगली, जळका वास आला आणि फोन गेला. त्यात त्यांच्या नवऱ्याचा एक निरोप होता. आवाजातला. माणूस सहा वर्षांपूर्वी गेलेला.

मी कागद धरला. 'आपल्या गैरसोयीबद्दल' पर्यंत आलो आणि कागद खाली ठेवला.

"वाचा ना," आजी म्हणाल्या. "मी घरी इतकं वाचलंय की पाठ झालंय. तुमच्या तोंडून कसं वाटतं ते बघायचंय."

मी म्हणायला गेलो, आजी, मी फक्त वस्तू इकडची... ते वाक्य तिथे त्या खोलीत मावेना, काय करू? डोकं चटईला टेकवलं आणि तसाच राहिलो. वर बघितलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, नूडल्सचा लगदा झालेला, आणि मिठाईच्या डब्याशेजारी फोन ठेवलेला. ठेवून गेल्या, का विसरल्या, कुणाला माहीत.

पुढचे तीन आठवडे मी तो फोन दुरुस्त करून घ्यायला हिंडलो. माएबाशीत नाही म्हणाले, तोक्योत तर हसले. शेवटी सांजोत एक म्हातारा भेटला, पूर्वी फोनच्या कारखान्यात होता, त्यानं भिंग लावून फोन उघडला, आतला एक तुकडा काढून दुसऱ्या फोनात बसवला, पाच तास माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि निघताना म्हणाला, अशा बॅटऱ्या विकणाऱ्याला हुडकून काढलं पाहिजे. मी हो म्हटलं.

नेझुबाईंकडून पत्ता घेतला आणि आजींच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला, मी तो दुसरा फोन टेबलावर ठेवला, त्यांनी बटण दाबलं. खरखर झाली, मग एक म्हातारा आवाज, घाईतला. "मी बोलतोय. नळ गळतोय. खाली बादली ठेवलीय, पाय लागू देऊ नकोस. ठेवतो."

एवढंच. अकरा सेकंद. आजींनी तीनदा लावलं. मग म्हणाल्या, "पाय लागलाच होता. सगळं पाणी सांडलं होतं." आणि हसत हसत डोळे पुसायला लागल्या, आणि मी, तुम्हाला सांगतो, मी चहाच्या कपाकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघणार?

निघताना त्या दारापर्यंत आल्या, वाकून वाकून आभार मानले, घरची मुळ्याची लोणची बांधून दिली. मी अगदी हलका होऊन बसमध्ये बसलो. बस दोन थांबे गेली असेल नसेल, फोन वाजला. बघतो तर अ‍ॅपवर शेरा. तक्रार केली होती, पण आठ महिने आजींनी विक्रेत्यावरचा शेरा दिला नव्हता, तो आज दिला. विक्रेता : वाईट. खाली कारण, 'बॅटरी चालली नाही.'

पहिल्यांदा राग आला. अहो, लोणची दिलीत ना आत्ता? मग उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, पुसलं... शेवटी फोन खिशात टाकला आणि लोणच्याचा डबा उघडला. काय लिहिणार? नव्हतीच चालली.