झाडूवालीचा ड्रेस

सव्वीस जानेवारी आलेली. नांदेडात नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात रांग होती. माझ्यापुढं एका मुलीची आई आणि तिच्या वर्गाच्या बाई.

"मॅडम, माझ्या बुद्धप्रियाला झाडूवालीच का? मागल्या साली मोलकरीण केली होती."

"छोटीच भूमिका आहे हो ताई. पण किती सहज झाडते ती!"

"आन् वरद दरसाल कलेक्टर. तो बी झाडंल की सहज."

"तुम्ही उगाच यात जात आणताय."

"मी जातीचं नाव बी घेतलं न्हाई. म्हणते एवढंच, यंदा झाडू वरदच्या हातात द्या."

"असं कसं? त्याच्या घरचे किती चिडतील!"

"आन् मी इथं काय हसून राहिले का, मॅडम?"