गजर बंद करून जा

नाही, बसा हो, उठू नका, मी आपलं सांगून ठेवते एवढंच — बाकाच्या त्या टोकाला माझी सून बसते, ती आली की उठायचं, तोवर बांधा निवांत नाडी. नवे दिसतात बूट. डॉक्टरांनी चालायला सांगितलं ना? मग! एवढे पांढरे बूट कोण हौसेनं घेतं? आणि जांभई देताना तोंडावर हात ठेवा बाई, नाहीतर मलाही येईल, मला आज परवडायचं नाही, बस यायचीय. काय? आत्ता गेली? छे, ती दुसरी असेल. बेकरीकडची पहिली बस अजून यायचीय. किती वाजले तुमच्यात? — काहीतरीच! पुढं आहे तुमचं घड्याळ. मी घरातलं बघूनच निघाले.

चहा घ्या. थर्मासच्या झाकणात देते, चालेल ना? कप आहे, पण तो नको, तो तिचा.

तर काय म्हणत होतात — पहाटे उठवत नाही. मला सांगताय? सासूबाई म्हणायच्या, हिला पलंगासकट उचलून रस्त्यात ठेवलं तरी ही फक्त कूस बदलेल. खोटं नव्हतं ते! मग मी कशी सुधारले? गजर उशाशी ठेवायचा नाही, पहिली गोष्ट. मी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर ठेवला — असा खणखणायचा की शेजारीण भिंतीवर थापा मारायची. उठलं की आधी खिडकी उघडायची, गार वारा तोंडावर घ्यायचा, आणि पलंगाकडं वळून बघायचं नाही, बघितलं की संपलं. पण हे सगळं दोन दिवस चालतं हो. तिसऱ्या दिवशी माणूस गजराचा गळा दाबतो. उठून करायचं काय, हे आधी ठरवलं पाहिजे, काहीतरी बरं वाटेल असं. तुम्ही काय ठरवलंय? नुसतं चालणार? मग कठीण आहे तुमचं.

माझं काय? माझं — ती सून. आता विचारलंत म्हणून सांगते. मुलगा माझा गेला घर सोडून, दुसरीकडं संसार थाटला त्यानं, आणि ही राहिली. माझ्याकडं. लोक म्हणाले, सून कशाला ठेवून घेतलीस? मी म्हटलं, ती काय पाहुण्यांची विसरलेली छत्री आहे? पण खरं सांगू, आम्ही दोघी एका घरात भाडेकरूंसारख्या. ती रात्री बेकरीत भट्टीवर, मी दिवसभर घरात, ती यायची तेव्हा मी घोरत. एकदा दाढ ठणकली म्हणून पाणी प्यायला उठले, तर ही अंधारात, ओट्याला टेकून, उभ्यानं कालची भाजी खात होती. दिवा का नाही लावला गं? तर म्हणाली, तुमची झोप मोडेल. झालं. दुसऱ्या दिवशी डबा आणला मी गजराखाली ठेवायला.

तेव्हापासून रोज थर्मास घेऊन इथं येते. ती उतरते, पिशवीत एखादा वाकडातिकडा पाव असतो, विकायला न चालणारा, पण गरम! तोडायचा आणि खायचा, निम्मा तिला, निम्मा मला, कडक टोक मात्र माझं. ती भट्टीवाल्या मुकादमाची नक्कल करते, मी शेजारणीची. हसतो आम्ही, अहो, रस्ता झाडणारी बाई झाडू थांबवून बघते. मग ती झोपते आणि माझा दिवस सुरू. हे सुख मला माहीतच नव्हतं.

आणि तिचा चावटपणा ऐका. कामावर निघताना गुपचूप घड्याळाचे काटे मागं सारून जाते — म्हातारीला जरा जास्त झोप मिळावी म्हणून! मीही काही कमी नाही, ती गेली की पुन्हा पुढं सारते. दोघी एकमेकींना एक अक्षर बोललो नाही. तिला वाटतं मला कळत नाही, मला वाटतं तिला — जाऊ दे, तुम्ही हसा.

सारखी रस्त्याकडं बघते म्हणता? बघते. बघू नको तर काय करू? काल संध्याकाळी तिनं सांगितलं, दिवसपाळी मिळतेय, आणि बेकरीजवळ एक खोली आहे, मैत्रिणीबरोबर. विचारत होती हो ती मला, सांगत नव्हती! तोंडाकडं बघत उभी होती माझ्या. आणि मी काय म्हणाले? जा की, माझी कटकट जाईल, एकदाची पोटभर झोपेन, तो गजर तेवढा बंद करून जा. माझ्या जिभेला हाड नाही बघा. तिनं खरंच बंद केला. आणि गेली कामावर.

डोळ्याला डोळा नाही लागला माझा. अंधारात पलंगावर बसून त्या घड्याळाकडं बघत होते, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे म्हणत. मागच्या गल्लीनं आले, रडून सुजलेलं तोंड शेजारणीला दिसू नये म्हणून. ती आज उतरली नाही तर? परस्पर त्या खोलीवर गेली तर? कुठल्या तोंडानं आणायला जाऊ — राहा म्हणायला मला काय धाड भरली होती!

थांबा. काटे. काल ती गेल्यावर मी काटे पुढं केलेच नाहीत. त्या भांडणात — अगं बाई! म्हणजे तुमचं घड्याळ बरोबर आहे? म्हणजे ती बस गेली ती... आणि कुणी उतरलं का त्यातून? अहो आठवा ना! उंच, पिशवीवाली? बूट कसले बघत होतात!

ती बघा. नाही, तिकडं नाही, आमच्या पुढच्या गल्लीतून. पळत येतेय वेडी. घरी जाऊन आली — मी दिसले नाही म्हणून — पायात बघा, माझ्या चपला घातल्यात उलट्यापालट्या, हातात पाव तसाच. अगं हळू, पडशील!

अहो, उठा. चहा झाला ना? द्या ते झाकण. उठा म्हणते ना, तिची जागा आहे ती.