लांडग्यांच्या व्हॅनसाठी रांग

फेब्रुवारी २००७, सकाळचे सात. उत्तर मिनेसोटात लांडगे दाखवणाऱ्या व्हॅनसाठी रांग लागली होती. केदारच्या पुढे मायलेकी मराठीत बोलत होत्या.

"सिया, मेडिकलची सीट सोडून तू लोकांना लांडगे दाखवणार?"

"गाइड म्हणून, आई. सोमवारपासून जॉइन करतेय."

"आणि दिसलेच नाहीत तर?"

"बर्फातले ठसे दाखवायचे. लोक त्यावरही खूश असतात."

"खुळेच आहेत. या थंडीत माणूस टिकत नाही, लांडगा कसला टिकतोय."

"टिकला ना. मारून संपवत आणले होते, आता परत वाढलेत."

"बाबांना काय सांगू?"

"आधी तू बघ तरी."

"तुझ्या खोलीत दोघींची सोय होईल का गं? अधूनमधून आले तर?"

व्हॅनमध्ये केदारने त्यांना खिडकीची जागा सोडली. व्हॅन सुटली तेव्हा आईच्या मोबाइलवर सियाच्या बाबांचा फोन वाजत होता आणि आई काचेवरची वाफ पुसत होती.