बाटलीत उरलेलं तेल

— नाई नाई, चाबी देतो न बापा, चाबी कुठं पळून चालली? पन गेरचं तेल बदलल्याबिगर ही गाडी मी दारातून हालू देत नाई. इंझोरीहून रिठदले इतक्या लांब आला, आनखी एक घंटा बस. लिंबाची सावली हाय, माठात पानी हाय. संघदीपनं सांगतलं असंन तुले, का किशन, माहे बाबा लय बोलते — तं खरंच सांगतलं पोरानं. चाकणले एका कंपनीत तुमी दोघं, एका खोलीत राह्यता, मंग हे नाई सांगतलं का त्यानं, का हे तेल घरच्या घरी बदलता येते? नाई? बरं, राहू दे. आता सरक जराशीक, नट ढिला करतो, पँटवर उडन. गरम हाय. सकाळीच ट्रॅक्टरवाल्या दौलतसिंगले गाडी फिरवून आनाले लावली, गरम तेल पातळ होते अन् खालची घान संग घेऊन येते — हे पाह्य, आलं. इंजिनचं तेल नोय हे, गेरचं. आटोमॅटिक गाडीचं असं लालच रायते, डाळिंबाच्या सरबतावानी. वास घे. जळका वास येते का? येनारच नाई. दोन महिन्याआधीच तं बदललं होतं.

काय म्हनला? — हो, दोनच महिने. त्याच्याआधी दिवाळीले. त्याच्याआधी पोळ्याले. मालूम हाय न मले, लोक पन्नास हजार किलोमीटरले एक डाव बदलते, मी काय येडा हावो का? ही गाडी सालभरात शंभर किलोमीटर नाई चालली. तरी बदलतो. माही मर्जी. ते बाटल्या दे इकडं, पान्याच्या. मोजाले ठेवल्या, मंग कायले? जितलं निंघते तितलंच वापस टाका लागते, थेंबभर कमी नाई. साडेतीन लिटर निंघते, पाह्यजो तू. बाकीचं आतमधी अटकून रायते, ते गाडी खोलल्याबिगर निंघत नाई. धर नीट, सांडू नको.

मले कायले पाह्यजे होती रे गाडी! हा डावा पाय पाह्य — ट्रॉलीखाली आला. तीस वर्सं ट्रॅक्टर चालवला मी, बारा वर्सं लोकाचा अन् मंग आपला, अन् पाय गेला तं क्लच दबे ना. बसलो घरात. तं संघदीप म्हने, बाबा, क्लच नसलेलीबी गाडी रायते. पुन्याहून ही जुनीच घेतली, सोता चालवत आनली, दारात उभी केली. त्याची माय — लिलाबाई, माही घरवाली — तिनं गाडीले हार घातला अन् मांगच्या सीटवर जाऊन बसली. मांगच. समोर बस म्हनलं तं म्हने, ड्रायवरच्या बाजूले कोनी बसते का, मोठे लोक मांगं बसते. अन् मी ड्रायवर! साऱ्या गावात फिरवली तिले, शिरपूरच्या बाजारात नेली, काच खाली करून सगळ्याले हात दाखवे. असं सुख तुह्या मायलेबी दे, जमन तवा दे, मांगं ठेवू नको.

तेल बदलाचं खूळ संघदीपचं. मागच्या साली बुद्धपौर्णिमेले चार दिवस आला होता. मोबाइलवर पाहून शिकला, तेलाचे चार डबे मोबाइलवरच मांगवले, म्हने जुनी गाडी हाय बाबा, मांगच्या मालकानं कवा बदललं कोन जाने. दोघं बापलेक ह्याच जागी गाडीखाली घुसलो. मजा आली होती त्या दिवशी, खोटं कायले बोलू. लिलाबाई चहा घेऊन आली तं दोघाचे पाय तेवढे बाहेर, म्हने ह्याच्यातले माहे कोनते? … हं. नट लावतो आता. खालची चकती नवी टाकाची, जुनी झिरपते.

आता हे आयक, हे कामाचं हाय, गाडी तुह्या हाती चालली. दांडी कवा पाहाची? तेल मोजाची दांडी — हे पिवळ्या मुठीची. गाडी चालू असताना पाहाची. चालू! ट्रॅक्टरच्या उलटं. ट्रॅक्टर बंद कराचा, थंडा होऊ द्याचा, मंग दांडी पुसाची, बुडवाची, काढाची — माह्या बापानं तसंच पाह्यलं, मी तसंच पाह्यलं, ह्या पंचक्रोशीत सारे तसंच पाह्यते. पन ही गाडी बंद असली का दांडी खोटं बोलते. आतलं तेल खाली उतरते अन् पुरं दिसते. चालू केली का तेच तेल आत ओढल्या जाते, खाली ठनठनगोपाळ. म्हून चालू ठेवाची, ब्रेक दाबून एकेक गेर टाकाचा, परतेक ठिकानी चार सेकंद थांबाचं, अन् मंग दांडी. संघदीपनं हे सारं सांगतलं होतं मले. मी म्हनलं, तू पाळन्यात होता तवापासून दांड्या पाहून राह्यलो मी, मले नको शिकवू. अन् जास्त तेल झालं का सील फाटते, हे कोन्या मोबाइलवर नाई सांगत म्हनलं. मंग त्याची बसची टाइम झाली. आंघोळ केली, पिशवी घेतली, गेला. बाकीचं मीच उरकलं.

मंग काय मंग? दांडी पाह्यली. पुरं होतं. — घे! तूबी तेच इचारतो. त्यानंबी बसमधून फोन करून हेच इचारलं, बाबा, चालू करून पाह्यलं का? मी म्हनलं, हो. … नव्हतं पाह्यलं. बंदच होती गाडी. पन पोराले काय सांगाचं, का तुह्या बापानं तुहं आयकलं नाई? लहानसं खोटं होतं रे. असे खोटे तं मानूस दिवसातून दहा बोलते. नरसाळं धर न, तोंड काय पाह्यतो. हळू ओतजो.

सहाव्या दिवशी, भर दुपारी दोनले, लिलाबाई वांग्याच्या वावरातून आली अन् म्हने छाती आवळल्यावानी होते. घामानं लुगडं वलं. मी म्हनलं बस गाडीत, वाशीम काय, अर्धा घंटा. मांगं बसली, आडवी झाली. सहा दिवस गावातल्या गावात चालली होती गाडी, काईच तकरार नव्हती. पन रस्त्यावर तापली, अन् पूल ओलांडला का थोडीशी चढन लागते — तिले चढनबी म्हनता येत नाई, सायकलवाला बसल्या-बसल्या चढते — तिथं इंजिन वरडलं. पाय दाबला तं वरडते, अन् गाडी जाग्यावर! दाने सपल्यावर चक्की रिकामी फिरते न, तशी. मी दाबतो, ते वरडते. गेर बदलतो, वरडते. अन् मांगून ती म्हने — "कायले थांबले?"

तिले वाटलं मी थांबवली. मी सोता. म्हनलं, नाई वं, थांबलो नाई, गाडीच चालून नाई राह्यली. तिनं आयकलंच नाई. "कायले थांबले, चाला न." पाच-सहा डाव म्हनली. रागानं नाई, बाजाराले उशीर झाला का म्हने, तशीच. मी उतरलो, लंगडत रस्त्यावर हात दाखवत उभा राह्यलो, दोन गाड्या निंघून गेल्या. चाळीस मिनिटानं भाजीवाल्याची छोटी गाडी थांबली, वांग्याच्या पोत्यावर टाकलं तिले. वाशीमची पह्यली घरं दिसली, तवा माह्या हातातून तिचा हात सुटला, गेली. डॉक्टरनं इचारलं, दुखाले कवा लागलं? मी म्हनलं, तीनले. … दोनले लागलं होतं. तिथंबी खोटं बोललो पाह्य. कायले बोललो, आतापरेंत समजलं नाई मले.

हसजो नको. भूत-बित आमी मानत नाई, बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत मले. पन ह्या गाडीत मी बसत नाई. आतला आरसा फडक्यानं बांधून ठेवला होता, तू येनार म्हून काल सोडला. बसलो का मांगून म्हनते — कायले थांबले? गाडीतच नाई, घरातबी म्हनते. जेवतानी हात थांबला का म्हनते. खाटेवर आंग टाकलं का म्हनते. म्हून मी बसतच नाई कवा, काईनाकाई करत रायतो. अन् हे तेल बदललं का चार-पाच दिवस गप रायते. खरं सांगतो. कान मोकळे होते चार दिवस. मंग परत सुरू.

गाडीले काय झालं होतं? काईच नाई. ट्रॅक्टरनं ओढून आनली, तिसऱ्या दिवशी मिस्तरी आला, त्यानं चालू करून दांडी पाह्यली, म्हने तेल तं बराबर हाय. बराबरच असनार, आदल्या दिवशी मीच तं —

ती बाटली उभी ठेव. सांडन.

… आयकलं तुवं. बरं, आयकलं तं आयकलं. झाकली मूठ सालभर झाकली, आता बोटं दुखाले लागले. अर्धा डबा तं जास्तीचाच होता, त्याच्यावर दीड डबा उरला होता. साडेतीन निंघालं होतं अन् मी दोनच टाकलं, दांडी पुरी दाखवे म्हून. ते उरलेलं दीड बाटलीत भरून कोठीत ठेवलं, कुटाराच्या पोत्यामांगं. तिले माती देऊन आलो, सारे पाहुने समोर मांडवात बसून होते, अन् मी कोठीत गेलो, बाटली काढली, इथं मांगं येऊन गाडीत ओतली. चालू केली, गेर टाकला — अन् निंघाली रे! जशी काई झालंच नाई, अशी गुमान निंघाली. दहा पावलं चालली. तवा समजलं मले मी काय करून ठेवलं ते. बाटली धुतली, चुलीत घातली.

अन् मिस्तरी म्हने, तेल बराबर भरलं हाय म्हंजे तेलच नकली असंन, मोबाइलवरचं. संघदीप बाजूलेच उभा होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजीनं वंदना घेतली, चार लोकं चांगलं बोलले, अन् माहं पोरगं उभं राह्यलं, अन् भरल्या मांडवात म्हने — माह्या मायले मी मारलं. सस्तं तेल मीच आनलं. बाया रडाले लागल्या. अन् मी पह्यल्या रांगेत, खुर्चीवर. माही पोरगी रूपा, तिनं माह्याकडं पाह्यलं, का आता बाबा उठतीन, म्हनतीन तसं नोय लोकहो. मी डोक्शाले हात लावून खाली मान घातली. लोक म्हने, बिचाऱ्या गोविंदाचे हाल पाहवत नाई. मी आयकून घेतलं.

तवापासून गावात पाय नाई ठेवला त्यानं. म्हने गाडी कोनालेबी द्या, मले दिसली नाई पाह्यजे. तू सांग न किशन, एका खोलीत राह्यता तुमी — झोपते का तो? … नाई? … मशीनजोळ उभाच्या उभा रायते? … अन् सुपरवायझर काय म्हने? … लगनाची गोष्ट काढली तं? … असं म्हनला? "मी कोनाच्या मायले तोंड दाखवू?" … असं म्हनला.

थांब. चल, बस गाडीत. चालू कर, ब्रेक दाबून धर. मांगचा टाक — एक, दोन, तीन, चार. मधातला. आता समोरचा. बस्स. चालूच राहू दे. हे दांडी — पुसली, बुडवली — पाह्य, दोन खुनांच्या मधात. इतलंसं काम होतं रे हे! दोन मिनिटाचं!

लाव त्याले फोन. आत्ताच्या आत्ता लाव, नाई तं माही हिंमत जाईन. तुह्यासमोरच सांगतो, तू साक्षीले राह्य. मी लावतो तं उचलत नाई तो, तुहा उचलन. दे इकडं.

हॅलो … किशन नोय, मी बोलतो. बाबा … हो, इथंच हाय तो, गाडी घेऊन चालला … संघदीप, आयक बाबू, एक सांगाचं हाय. ते तेलाचं … नाई, आयक न. त्या दिवशी तू गेल्यावर … रडू नको. अरे रडू नको न असा, लोक असतीन तुह्या आजूबाजूले … आयक, ते तेल — … तुहं तेल … हो … हो रे … नाई, मी कवा म्हनलो तुहीच चूक हाय? … हं … केलं न. केलं बाबू, कवाचंच माफ केलं मी तुले … तुह्या मायनंबी केलं. … हो. जेवला का? … जेवून घेजो. ठेवतो.

घे. तुहा फोन घे.

असा काय पाहून राह्यला माह्याकडं? रडून राह्यला होता तो, आयकलं नाई का तुवं? त्या रडन्यात काय सांगाचं मानसानं? … नाई, तू नाई सांगाचं काई. तुहा काय संबंध? चाबी गाडीतच हाय, कागदं समोरच्या खान्यात. बिघडली तं मले फोन करजो नको. जाय. जाय म्हनलं न, निंघ.